आधी मोजणी दाखवा, मग शांततेचे बोला

पुण्यात समाजकार्याचे शिक्षण पूर्ण केलेल्या एका वाचक मुलीचा प्रश्न आहे. तिला नैरोबीतल्या एका संस्थेत वर्षभराचे काम मिळाले आहे. केनियात २०२७ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक आहे आणि तरुणांनी तिच्यात शांततेने भाग घ्यावा, असा त्या प्रकल्पाचा हेतू आहे. या क्षेत्रात खरोखर कशाचा उपयोग होतो आणि पैसा कुठे वाया जातो, हे तिला हवे आहे.

माझी अर्धी नोकरी महाराष्ट्रात महसूल खात्यात गेली. म्हणजे मतदार यादी, मतपेट्या, मतदान पथके आणि स्ट्राँगरूम यांत गेली. नंतरची काही वर्षे मी केनिया, मलावी आणि घानात निवडणूक साहाय्याच्या कामावर होतो. 'आफ्रिकेतली निवडणूक' असे सरसकट बोलता येत नाही. तिथे ५४ देश आहेत आणि प्रत्येकाचे दुखणे निराळे. तुम्ही केनियाला निघाला आहात, म्हणून बहुतेक केनियाबद्दलच लिहितो.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. २०१३ च्या निवडणुकीआधी आमच्या प्रकल्पाने पश्चिम केनियात फुटबॉलचे सामने भरवले, रॅपचे कार्यक्रम केले आणि 'अमानी', म्हणजे शांतता, असे छापलेले शेकडो टी-शर्ट वाटले. मुले आली, खेळली, टी-शर्ट घालून गेली. किसुमूजवळच्या एका सभेत मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, की आम्ही शांत बसू, पण मते बरोबर मोजली गेली हे आम्हाला कोण दाखवणार? माझ्याकडे उत्तर नव्हते. मी आयोगावर विश्वास ठेवा वगैरे बोललो. ४ मार्चला मतदान झाले, मतदाराची ओळख पटवणारी यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली, निकाल पाठवण्याची व्यवस्था कोलमडली आणि शेवटी नैरोबीतल्या बोमासच्या सभागृहात कागदावरच बेरजा झाल्या. देश शांत राहिला. आमच्या अहवालात ते यश म्हणून नोंदले गेले. मला आज तसे वाटत नाही. लोक मनातून निर्धास्त होते म्हणून ती शांतता नव्हती. आदल्या खेपेच्या आठवणीने सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता. शंका विचारणाऱ्याला 'तुला पुन्हा दंगली हव्यात का' असे म्हणून गप्प केले जात होते, आणि त्या गप्प करण्यात आमच्या टी-शर्टांचाही हातभार होता.

ती आदली खेप म्हणजे २७ डिसेंबर २००७. निकाल घाईने जाहीर झाला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांचा शपथविधी त्याच संध्याकाळी उरकला, आणि पुढच्या दोन महिन्यांत ११०० हून अधिक माणसे मेली, सुमारे ६ लाख लोक घरदार सोडून पळाले. निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनी काही दिवसांतच कबूल केले, की कोण जिंकले हे आपल्याला सांगता येत नाही. चौकशीसाठी नेमलेल्या क्रिगलर आयोगाचाही निष्कर्ष तोच होता: नोंदी इतक्या बिघडल्या होत्या की विजेता कोण, हे ठरवणेच अशक्य.

हा हिंसाचार 'माथेफिरू तरुणांनी' केला, असे तुम्हाला पुष्कळजण सांगतील. त्याच्या चौकशीसाठी वेगळा वाकी आयोग होता, त्याचा अहवाल जाण्याआधी वाचा. मृतांचा आकडा त्यात ११३३ आहे आणि त्यातले ४०५ गोळी लागून गेले. त्या काळात गोळ्या झाडल्या त्या मुख्यतः पोलिसांनी. बाकीच्या हत्यांतही काही ठिकाणी उत्स्फूर्त उद्रेक होता, तर काही ठिकाणी पुढाऱ्यांनी आणि पैसेवाल्यांनी माणसे जमवून, वाहने देऊन, ठरवून घडवलेले हल्ले होते. तरुणांच्या हातात कोयता होता हे खरेच आहे. तो हातात देणारा मात्र बहुधा पन्नाशीचा होता. हे ध्यानात न घेता आखलेला 'युवा शांतता प्रकल्प' चुकीच्या माणसाला उपदेश करत बसतो.

आता कामाचे सांगतो. केनियाच्या निवडणुकीत सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे फॉर्म ३४-अ नावाचा एक कागद. आपल्याकडे केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर १७-क भरतो, त्यात किती मते पडली एवढेच असते. कोणाला किती, ते पुढे मोजणीच्या दिवशी मोजणी केंद्रावर कळते. केनियात मोजणी त्याच रात्री, त्याच खोलीत होते. एका केंद्राला ७०० हून अधिक मतदार नसतात. एका दिवसात सहा मतपत्रिका असतात: राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, महिला प्रतिनिधी आणि काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) सभेचा सदस्य. आधी राष्ट्राध्यक्षाची पेटी उघडतात. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उचलून पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवतो, नाव मोठ्याने वाचतो. मग उमेदवारनिहाय आकडे फॉर्म ३४-अ वर भरतो, प्रतिनिधी सह्या करतात, प्रत्येकाला प्रत मिळते आणि एक प्रत दारावर चिकटवतात. नाकुरूच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत मी हे पहाटे तीनपर्यंत पाहिले आहे. वीज गेलेली, बाकावर दोन कंदील, बाहेर गावातली पन्नासेक माणसे ब्लँकेट पांघरून बसलेली. दारावर कागद चिकटला तेव्हा सगळे उठून पुढे आले, मोबाइलवर फोटो काढले आणि शांतपणे घरी गेले. हरलेल्या बाजूचेही गेले, कारण आपल्या गावात काय झाले हे त्यांनी कानांनी ऐकले होते.

म्हणजे केंद्रावरचा आकडा सहसा वादात पडत नाही. भांडण लागते ते केंद्र आणि नैरोबी यांच्या मधल्या वाटेवर. २०१७ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने मानवी हक्क कार्यकर्ते माइना किआइ यांच्या प्रकरणात सांगितले, की मतदारसंघात जाहीर झालेला निकाल अंतिम आहे, नैरोबीत बसून त्यात बदल करता येणार नाही. त्या वर्षी ८ ऑगस्टच्या मतदानाच्या आठवडाभर आधी आयोगाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागातले वरिष्ठ अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झाला होता. निकालाची यंत्रणा सांभाळणारा माणूसच असा मारला गेला, तेव्हा पुढच्या आकड्यांवर कोणाचा विश्वास बसणार? पडद्यावर आकडे धावत होते आणि त्यांच्या मागचे फॉर्म दिसत नव्हते. काही आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी तरी दोन-तीन दिवसांत कौतुकाची निवेदने काढली. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या पीठाने ४ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असे प्रथमच घडले. निवडणूक ही एका दिवसाची घटना नसून प्रक्रिया आहे, असे न्यायालयाने म्हटले. आयोगाने सर्व्हर उघडून दाखवायला टाळाटाळ केली, तीही न्यायालयाने त्याच्याविरुद्ध धरली. कौतुक करून विमानात बसलेल्या निरीक्षकांची त्या दिवशी झालेली अवस्था मी विसरलेलो नाही. तुमच्यावर कधी घाईने निवेदन लिहायची वेळ आली, तर आधी हे आठवा.

२०२२ मध्ये आयोगाने या ठेचेवरून धडा घेतला. ४६,२२९ केंद्रांचे फॉर्म ३४-अ जसजसे येतील तसतसे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतील असे ठेवले. त्या आठवड्यात नैरोबीत मुले सायबर कॅफेत आणि हॉस्टेलांत बसून फॉर्म उतरवून घेत होती, स्वतः बेरजा करत होती, गावाकडे फोन करून 'दारावरच्या कागदावर काय आहे' असे विचारून ताडून पाहत होती. विल्यम रूटो ५०.४९ टक्के, रायला ओडिंगा ४८.८५ टक्के. इतका बारीक फरक, त्यात सातपैकी चार आयुक्तांनी निकालापासून हात झटकले. २००७ सारखे दिवस असते तर याहून कमी कारणावर देश पेटला असता. या वेळी काही ठिकाणी टायर जळाले, पण ओडिंगा न्यायालयात गेले, ५ सप्टेंबरला न्यायालयाने एकमताने निकाल कायम ठेवला आणि देश कामाला लागला. सारे श्रेय फॉर्मचे नाही. न्यायालयाची २०१७ मधली पुण्याई होती, काउंट्यांना अधिकार देणारी २०१० ची राज्यघटना होती. तरीही मी पैजेवर सांगेन, की त्या संकेतस्थळाने जितकी डोकी शांत ठेवली तितकी कुठल्याही टी-शर्टाने ठेवली नसती.

याच्या जोडीला समांतर गणना असते. देशी निरीक्षकांचे गट संख्याशास्त्राच्या नियमाने निवडलेल्या केंद्रांवर माणूस बसवतात, तिथले आकडे गोळा करतात आणि अधिकृत निकाल त्या अंदाजाच्या मर्यादेत बसतो का ते सांगतात. शितावरून भाताची परीक्षा, फक्त शिते हातात येतील ती न घेता नियमाने निवडायची. घानात २००८ च्या दुसऱ्या फेरीत फरक ४० हजारांच्या आसपास होता, तिथे देशी निरीक्षकांच्या अशा गणनेने मोठा आधार दिला. मात्र तिची मर्यादा तरुणांना आधीच समजावून सांगा. अंदाज दोन टक्के इकडेतिकडे होत असेल आणि विजेता ५० टक्क्यांच्या जेमतेम वर असेल, तर समांतर गणना 'अमुकच जिंकला' असे सांगू शकत नाही, 'अधिकृत आकडा आमच्या आकड्याशी विसंगत नाही' एवढेच सांगू शकते. २०२२ मध्ये केनियात नेमके हेच झाले. ज्यांना हे आधी कळले नव्हते त्यांना ते उत्तर गुळमुळीत वाटले आणि त्यांचा संशय वाढला.

उलट बाजूचे उदाहरण नायजेरियाचे. २०२३ मध्ये तिथल्या आयोगाने केंद्रावरचे निकाल लगेच संकेतस्थळावर चढवू असे वारंवार सांगितले. संसदेच्या निवडणुकीचे फॉर्म चढले, राष्ट्राध्यक्षाचे त्या रात्री चढेनात. रांगा लावून पहिल्यांदा मत दिलेल्या तरुणांचा जो विरस झाला तो अजून गेलेला नाही. वचनच दिले नसते तर एवढा राग आला नसता. म्हणून तुमच्या संस्थेला आयोगाशी बोलायची संधी मिळाली, तर निकाल पाठवण्याची रंगीत तालीम तरुणांसमोर, उघड्यावर, सगळ्या केंद्रांवर व्हावी, हा आग्रह धरा. मलावीने तर २०१९ ची निवडणूकच रद्द झालेली पाहिली. निकालपत्रांवर पांढरी शाई लावून आकडे खोडले होते. महिनोन्‌महिने लोक रस्त्यावर येत राहिले, फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने निकाल फिरवला, जूनमध्ये पुन्हा मतदान झाले आणि लाझारस चकवेरा निवडून आले. न्यायाधीश त्या निकालाच्या दिवशी गोळीपासून वाचवणारे जाकीट घालून न्यायालयात आले होते.

आता तरुणांकडे येतो. २०२२ मध्ये १८ ते ३४ वयाचे मतदार यादीत सुमारे ४० टक्के होते, आणि त्यांची संख्या २०१७ पेक्षा घटली होती. लोकसंख्येत ते वाढत असताना यादीत घटले. आयोगाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये महिनाभरात ६० लाख नवे मतदार नोंदवायचे ठरवले होते, नोंदले गेले सुमारे १५ लाख. मतदानही २०१७ च्या ऑगस्टमधल्या ७८-७९ टक्क्यांवरून ६५ च्या आसपास आले. 'तरुण उदासीन आहेत' असे यावर सगळे म्हणतात. अर्धे उत्तर मात्र कार्यालयाच्या खिडकीवर सापडते. मतदार व्हायला राष्ट्रीय ओळखपत्र लागते, ते अठराव्या वर्षी काढायचे, आणि गरीब घरच्या मुलाला त्यासाठी आईवडिलांची कागदपत्रे, चीफचे (स्थानिक सरकारी अधिकाऱ्याचे) पत्र, दोन-तीन हेलपाटे आणि बुडालेली मजुरी मोजावी लागते. सीमेलगतच्या सोमाली भागांत, नुबियन वस्त्यांत तर कित्येक दशके वेगळी छाननी समिती बसायची आणि तरुणांना आपण केनियाचेच आहोत हे सिद्ध करावे लागायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ती अट काढल्याची घोषणा झाली आहे. खिडकीवरच्या माणसापर्यंत ती पोचली का, हे तुम्ही जाऊन पाहण्याजोगे आहे.

उरलेले अर्धे उत्तर २०२४ च्या जूनमध्ये रस्त्यावर दिसले. वित्त विधेयकात ब्रेडवर १६ टक्के कर, मोटारींवर नवा कर असे बरेच काही होते. तरुणांनी ते विधेयक फाडून काढले, म्हणजे कलमवार वाचले, स्थानिक भाषांत उतरवले, सांकेतिक भाषेतही समजावले, टिकटॉकवर आणि एक्सवर रात्र रात्र चर्चा केल्या. आमचा पक्ष नाही, आमची जमात नाही, आमचा नेता नाही, असे ते म्हणत होते, आणि केनियात जमातीचे नाव बाजूला ठेवणे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तिथे राहिल्यावर कळेल. २५ जूनला जमाव संसदेत शिरला, पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूटो यांनी विधेयकावर सही न करण्याचे जाहीर केले. त्या आंदोलनाच्या काळात ६० च्या आसपास जीव गेले, असे मानवी हक्क आयोगाची नोंद सांगते. ज्या पिढीला आम्ही उदासीन म्हणत होतो तिने तीन आठवड्यांत अर्थसंकल्प वाचायला शिकवले. ज्यांनी आपले मित्र गमावले त्यांच्यापुढे तुम्ही 'शांतता पाळा' असे सांगत जाल, तर ते तुम्हाला दारातूनच परत पाठवतील, आणि ते योग्यच होईल.

त्यांना काम द्या. केंद्रावर बसायचे, फॉर्म भरायचा, तो वाचायचा, बेरीज तपासायची, चुकीची नोंद कुठे करायची, ही सारी खरी कामे आहेत आणि यांना माणसे कमी पडतात. विरोधकांच्या बालेकिल्ल्यात पक्षांना प्रतिनिधी मिळत नाहीत. मिळाले तर त्यांना धड शिकवलेले नसते. आकडे भरण्याआधी कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर काय करायचे, अवैध मते कुठे लिहायची, दोन आकड्यांत तफावत आली तर फेरमोजणी कशी मागायची, हे माहीत असलेला बावीस वर्षांचा मुलगा त्या खोलीतल्या दहा पोलिसांपेक्षा शांततेच्या जास्त उपयोगाचा आहे. प्रशिक्षण सर्व पक्षांच्या मुलांना एकत्र द्या. मी नाकुरूत तसे केले होते. निकालाच्या रात्री तीच मुले एकमेकांना फोन करून अफवा तपासत होती.

बोडाबोडावाल्यांना विसरू नका. मोटारसायकलवर प्रवासी नेणारी ही मुले पुढाऱ्यांच्या सभांना पेट्रोलच्या पैशांवर सगळ्यांत आधी उचलली जातात. पण त्यांच्या प्रत्येक स्टेजला, म्हणजे थांब्याला, अध्यक्ष असतो, वही असते, बचतीचा डबा असतो. कार्यशाळेला हॉटेलात बोलावण्यापेक्षा सकाळी स्टेजवर जाऊन बसा. बोलणे शेंगमध्ये होईल, ती स्वाहिली आणि इंग्रजीच्या मिसळणीतून शहरात वाढलेली तरुणांची बोली. तुम्हाला ती येणार नाही. तिथलीच मुलगी बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा.

शांतता समित्यांचे मूळ मात्र मनापासून समजून घ्या, कारण ते परदेशी निधीतून आलेले नाही. ईशान्येकडच्या वाजिर भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कुळाकुळांत कत्तली चालल्या होत्या. बाजारात विकायला बसणाऱ्या बायकांनी आधी आपसांत ठरवले, की दुसऱ्या कुळाच्या बाईकडून खरेदी थांबवायची नाही. मग त्यांनी वडीलधाऱ्यांना बसते केले, मग तरुणांना, मग अधिकाऱ्यांना. त्यांतल्या देखा इब्राहिम अब्दी पुढे २००८ च्या जानेवारीत नैरोबीत माजी राजदूत आणि निवृत्त सेनाधिकाऱ्यांबरोबर बसून देश वाचवायच्या खटपटीत होत्या. २०११ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या रीतीत एक गोष्ट होती जी आमच्या प्रकल्पांत सापडत नाही: त्या भांडण नसतानाही भेटत राहायच्या. आमचा निधी निवडणुकीच्या सहा महिने आधी येतो आणि शपथविधीनंतर संपतो. संस्थेत तुमचा शब्द चालला, तर निकालानंतरच्या वर्षासाठी थोडे पैसे राखून ठेवायला सांगा.

इथे एक आपल्या घरची गोष्ट. तेव्हा केनियाच्या सीमेला लागून असलेल्या सुदानची १९५३ ची पहिली निवडणूक घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत बोटाला लागणारी शाई म्हैसूरहून जाते. नामिबियाने २०१४ मध्ये आपली मतदान यंत्रेही घेतली. पण कागदी पुरावा न देणारी यंत्रे राज्यघटनेत बसत नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले आणि पुढच्या निवडणुकीत तो देश मतपत्रिकेवर परतला. तुम्ही भारतीय म्हणून गेलात की यंत्रांबद्दल मत विचारले जाईल. अभिमानाच्या भरात शिफारस करू नका. मतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी काय तपासता येते, एवढाच प्रश्न उलट विचारा.

परकी म्हणून तुमच्या मर्यादा कडक आहेत. पक्षाच्या सभेत फोटो नको, समाजमाध्यमांवर उमेदवाराबद्दल अवाक्षर नको, आंदोलनात सहभाग नको, आणि मुख्य म्हणजे तुमच्यामुळे कोणा स्थानिक मुलाचे नाव, चेहरा, फोन नंबर कुठल्या यादीत पडू देऊ नका. २०२४ नंतर तिथे तरुणांना उचलून नेण्याचे प्रकार झाले आहेत. उपस्थितीपत्रक हा आपल्याला साधा कागद वाटतो. तिथे तो भलत्याच्या हातात पडला तर कोणाच्या जिवावर बेतू शकतो. देणगीदार मागतील, तरी फक्त आकडा द्या.

२०२३ च्या सुरुवातीपासून २०२५ च्या जुलैपर्यंत तिथल्या निवडणूक आयोगात आयुक्तांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून सगळीच तयारी उशिरा सुरू झाली आहे. नैरोबीत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात संस्थेच्या कार्यालयातले आराखडे वाचण्यात वेळ घालवू नका. जवळच्या हुडुमा केंद्रात, म्हणजे सरकारी सेवा केंद्रात, जा, ओळखपत्राच्या रांगेत मुलांबरोबर दिवसभर उभ्या राहा, किती जण परत पाठवले जातात आणि कोणत्या कागदासाठी, ते वहीत लिहा. संध्याकाळी २०२२ चे दहा-बारा फॉर्म ३४-अ समोर घेऊन त्यांच्या बेरजा स्वतः करा. एखाद्यात तरी चूक सापडेल. ती प्रामाणिक चूक आहे की खोडसाळपणा, हे फॉर्मवर कशावरून ओळखायचे, ते तिथल्या एखाद्या जुन्या केंद्राध्यक्षाला विचारा. असे बरेचजण शाळामास्तर असतात, चहा घेऊन बसले की तासभर समजावतात.